राजगीर ते कुशीनगर पायी : तथागतांच्या अखेरच्या चारिकेची वाट चालणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात धम्मसहलींच्या बसगाड्या निघतात. बुद्धगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, सारनाथ अशी सगळी स्थळे दहा-बारा दिवसांत 'होतात'. या सहलींना आम्ही नावे ठेवणार नाही. आमच्या आया-आज्यांनी गृध्रकूट पहिल्यांदा पाहिला तो अशाच गाडीतून उतरून. पण अलीकडे तरुण कार्यकर्त्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो : यातले काही अंतर पायी चालता येईल का?

येते. राजगीर ते कुशीनगर ही वाट आम्ही दोनदा चाललो. एकदा वाईट रीतीने, एकदा बऱ्या रीतीने. पहिल्या वेळी आम्ही मोर्चा काढल्यासारखे निघालो होतो. झेंडे, बॅनर, लाउडस्पीकर सगळे बरोबर होते आणि पहिल्याच दिवशी राजगीरहून थेट बिहारशरीफ गाठायचा हट्ट होता. झेंडा धरलेल्या मुलाने पायाला आलेले फोड तीन दिवस कोणाला सांगितले नाहीत. चौथ्या दिवशी टाच सुजून लाल झाली, ताप आला आणि त्याला आगगाडीने पाटण्याला न्यावे लागले. तिथून तो घरी परतला. कुशीनगरला पोहोचलो तेव्हा निघालेल्यांपैकी निम्मेच उरलो होतो. खाली जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या वेळच्या चुकांमधून आलेले आहे.

हीच वाट का

दीघ निकायातले महापरिनिब्बान सुत्त ज्यांनी वाचले आहे त्यांना ही वाट ओळखीची वाटेल. सुत्त गृध्रकूटावर सुरू होते आणि कुशीनाऱ्याच्या शालवनात संपते. मधले मुक्काम नावानिशी दिले आहेत : अंबलट्ठिका, नालंदा, पाटलिगाम, गंगा ओलांडून कोटिगाम, नादिका, वैशाली, बेलुव, मग भंडगाम, हत्थिगाम, अंबगाम, जंबुगाम, भोगनगर, पावा. तथागतांचे वय तेव्हा ऐंशी होते. बेलुवच्या वर्षावासात ते गंभीर आजारी पडले आणि त्यातून उठून पुन्हा चालू लागले. पावा ते कुशीनारा या शेवटच्या टप्प्यात ते वाटेत थांबले, झाडाखाली बसले आणि आनंदाकडे पाणी मागितले. हे प्रसंग आपण विहारात ऐकतो तेव्हा ते दूरचे वाटतात. फाजिलनगरच्या पुढे, अठरा-एकोणीस दिवस चाललेल्या पायांनी ऐकले की तसे वाटत नाहीत.

काही मंडळी आक्षेप घेतात की हे तीर्थयात्रेचे कर्मकांड झाले. आक्षेप गंभीर आहे. पायी चालल्याने पुण्य लागते, नवस फिटतो असे कोणाच्या मनात असेल तर त्याने घरीच बसलेले बरे. आम्ही या चालण्याला चारिका म्हणतो. गावोगाव जाणे, लोकांना भेटणे, त्यांचे ऐकणे, विचारले तर आपले सांगणे एवढाच तिचा अर्थ. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. म्हणजे ज्या भूमीत तथागत चालले तिथे आज बौद्ध घर शोधावे लागते. ते बसच्या खिडकीतून कळत नाही.

अंतर आणि दिवस

आजच्या रस्त्यांनी एकूण अंतर साधारण ३३० ते ३५० किलोमीटर भरते. तुम्ही कोणते आडरस्ते घेता त्यावर थोडे कमी-जास्त होईल. प्राचीन गावांपैकी काहींची जागा अभ्यासकांत आजही वादाची आहे, त्यामुळे 'नेमकी तीच पायवाट' असा दावा कोणी करत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

रोजचे अंतर सरासरी १८ किलोमीटर धरा. पहिले तीन दिवस १५च्या वर जाऊ नका. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. या हिशेबाने २२ ते २४ दिवस लागतात. 'आम्ही रोज तीस चालतो, बारा दिवसांत संपवू' असे म्हणणारे नेहमी भेटतात. तीस किलोमीटर कोणीही एक दिवस चालू शकतो. प्रश्न सहाव्या दिवशीचा असतो.

इथे राजगीरचीच एक गोष्ट आठवावी. सोण कोळिविस नावाचा श्रीमंत घरचा तरुण भिक्खू झाला आणि राजगीरजवळच्या सीतवनात इतका अट्टहासाने चंक्रमण करू लागला की त्याचे तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचे उदाहरण दिले, तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि सैल सोडली तरी नाही. आपण हा दृष्टान्त प्रवचनात अनेकदा ऐकतो, पण विनयात त्याच्या पुढे काय आहे ते सहसा सांगितले जात नाही. तथागतांनी त्याला पायताण वापरण्याची परवानगी दिली. एकट्यासाठी सवलत नको, असे तो म्हणाला, तेव्हा ती सगळ्या संघाला मिळाली. म्हणून आमच्या गटाचा नियम आहे : अनवाणी कोणी चालायचे नाही. श्रद्धेने नाही, हौसेने नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही.

कधी निघावे

पावसाळा बाद. गंडक आणि तिच्या उपनद्यांच्या पुराने उत्तर बिहारचे रस्ते तुटतात, शिवाय तो काळ वर्षावासाचा. एप्रिलपासून पछुआ वारा आणि लू सुरू होते, तेव्हाही नको. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत इतके दाट धुके पडते की सकाळी नऊपर्यंत समोरचा ट्रक दिसत नाही, आणि ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. उरतात दोन खिडक्या.

एक, छठपूजेनंतरचा नोव्हेंबर. छठच्या आधीच्या आठवड्यात बिहारकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तिकीट छठ उलटल्यावरचे काढा. अडचण अशी की ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हजर राहायचे असेल तर हा हिशेब जमत नाही. दोन्ही साधण्याच्या नादात शेवटचे टप्पे पळत उरकलेले गट आम्ही पाहिले आहेत. दोनपैकी एक निवडा.

दुसरी खिडकी फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. आम्हाला ही जास्त आवडते. तीन महिन्यांनी परिनिर्वाण होईल हे तथागतांनी सांगितले ते वैशालीत चापाल चैत्याजवळ. वैशाख पौर्णिमेपासून मागे मोजले की माघ पौर्णिमा येते. त्या दिवशी वैशालीत मुक्काम पडेल असे निघता आले तर उत्तम, नाहीतर जीव टाकू नका.

एक गोष्ट महाराष्ट्रातून जाणारे हमखास विसरतात : तिकडे सूर्य आपल्यापेक्षा लवकर मावळतो. नोव्हेंबरअखेरीस पाटण्यात पाचच्या सुमाराला अंधारू लागते. मुंबईच्या सवयीने 'अजून तासभर उजेड आहे' म्हणाल आणि ऊसवाहू ट्रॅक्टरांच्या रस्त्यावर अंधारात सापडाल. साडेतीनपर्यंत मुक्कामाला पोहोचलेच पाहिजे असे धरून सकाळी उजाडताच निघा.

पाय, पाठ, पाणी

तयारी किमान आठ आठवडे. आठवड्यातून चार दिवस तासभर आणि रविवारी लांब चाल. मुंबईकरांना बोरिवलीच्या गेटपासून कान्हेरी लेणी आणि परत हा उत्तम सराव आहे. पुणेकरांना कार्ले-भाजे, नाशिककरांना त्रिरश्मी. सरावात पाठीवर तीच पिशवी घ्या जी पुढे घेणार आहात. बूट नवे नकोत. जे बूट घालून जाणार ते किमान शंभर किलोमीटर चाललेले असावेत आणि नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, कारण दुपारपर्यंत पाय फुगतात. संध्याकाळसाठी साधी चप्पल. मोज्यांचे तीन जोड, त्यात सुती जाड नकोत, ते घाम धरून ठेवतात.

फोड येण्याआधी जागा चुरचुरू लागते. तेव्हाच थांबायचे. गट पुढे गेला तरी चालेल. मोजे काढा, पाय वाळवा, त्या जागेवर चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर वरची कातडी फाडू नका, स्वच्छ धुऊन झाका. भोवती लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला तर चालणे बंद आणि सरकारी दवाखाना. आम्ही आता रोज संध्याकाळी वंदनेआधी 'पाय तपासणी' करतो. सगळे गोल बसतात, मोजे काढतात, आणि प्रत्येकाचे पाय दुसरा कोणीतरी पाहतो. पहिल्या दिवशी मुले लाजतात. नंतर तीच दिवसातली सर्वांत हसऱ्या गप्पांची वेळ होते. पहिल्या वेळी आम्ही एवढे केले असते तर तो मुलगा घरी परतला नसता.

पिशवी सहा-सात किलोंच्या वर नको. पांघरूण, दोन जोड कपडे, मच्छरदाणी, विजेरी, थोडी औषधे, ओळखपत्र, ताटवाटी. पुस्तक एकच : 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', तेही गटात दोन प्रती पुरतात.

पाणी रोज तीन-चार लिटर. गावोगाव हातपंप आहेत, तिकडे त्यांना चापाकल म्हणतात. सरकारी खोल पंपाचे पाणी उथळ घरगुती पंपापेक्षा बरे. गंगाकाठच्या पट्ट्यात भूजलात आर्सेनिक सापडते आणि ते उकळून किंवा क्लोरिनने जात नाही. काही दिवस असे पाणी प्यायल्याने तुम्हाला अपाय होणार नाही. जे जन्मभर तेच पितात त्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. तुमचा खरा शत्रू जुलाब. क्लोरिनच्या गोळ्या ठेवा. जलसंजीवनीची पाकिटे संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खाण्याची चिंता करू नका. सत्तू हे चालणाऱ्याचे अन्न आहे. पाण्यात सत्तू, मीठ, लिंबू, चिरलेला कांदा टाकला की चार तासांची बेगमी होते. सकाळी चूडा-दही, संध्याकाळी लिट्टी-चोखा. बरोबर भन्ते असतील तर बारापूर्वी जेवणाची व्यवस्था झालीच पाहिजे, म्हणून अशा गटाने साडेदहालाच मोठा थांबा ठरवावा. आमच्या अनुभवाने हे वेळापत्रक सगळ्यांनाच मानवते.

कुत्र्यांसाठी हातात काठी असू द्या. ती मारायला नव्हे, दाखवायला. कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. 'छोटीशी खरचट आहे' असे म्हणून पुढचा मुक्काम गाठायचा नाही.

टप्पे

पहिला दिवस राजगीरमध्येच घालवा. पहाटे गृध्रकूट, मग वेणुवन. रत्नगिरीवरचा विश्वशांती स्तूप १९६९चा. रोपवेने वर जाता येते, पण आता जाताना पायऱ्याच चढा, गुडघ्यांची परीक्षा होऊन जाईल. दुसऱ्या दिवशी सिलावमार्गे नालंदा, बारा-तेरा किलोमीटर. सिलावचा खाजा प्रसिद्ध आहे, तिथे गट रेंगाळतोच, रेंगाळू द्या. नालंदा महाविहाराच्या अवशेषांना २०१६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे अर्धा दिवस तरी हवा.

नालंदा, बिहारशरीफ, हरनौत, बख्तियारपूर, फतुहा, पाटणा हा पट्टा रेल्वेमार्गाच्या कडेने आहे. कोणी थकले, आजारी पडले तर पुढच्या मुक्कामापर्यंत गाडीने पाठवता येते. म्हणूनही हा मार्ग नवख्यांसाठी बरा. बिहारशरीफजवळ पावापुरीची पाटी दिसेल. ते जैनांचे, महावीरांच्या निर्वाणाचे स्थान. सुत्तातली पावा ती नव्हे, ती पुढे कुशीनगरजवळ शोधायची.

बख्तियारपूर-पाटणा रस्ता कंटाळवाणा आणि धुळीचा आहे, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. पाटण्यात एक दिवस थांबा, कपडे धुवा. स्टेशनजवळ जुन्या बांकीपूर तुरुंगाच्या जागेवर बुद्ध स्मृती पार्क आहे.

गंगा ओलांडायला महात्मा गांधी सेतू, लांबी पावणेसहा किलोमीटर. १९८२ साली खुला झाला आणि अलीकडे त्याचा वरचा सांगाडा पोलादाचा करण्यात आला. उजाडताच, रहदारी वाढण्याआधी, एकेरी रांगेत ओलांडा. पोलिसांनी हटकले तर वाद न घालता रिक्षा करा. 'पूर्ण पायी'चा विक्रम मोडेल म्हणून रडणारा एकजण प्रत्येक गटात असतो. गंगा तथागतांनीही चालत ओलांडली नव्हती, हे त्याला सांगा.

हाजीपूर, लालगंज, वैशाली. इथे भाषाही बदलते. पाटण्यापर्यंत मगही, इथून बज्जिका. वज्जींच्या गणसंघाचे नाव अडीच हजार वर्षांनी लोकांच्या बोलीत शिल्लक आहे, हे पहिल्यांदा कळले तेव्हा आम्ही रस्त्यातच थांबलो होतो. वैशालीत कोल्हुआचा सिंहस्तंभ पाहा आणि अवशेष-स्तूपाच्या जागेवर जा. १९५८मध्ये तिथे उत्खनन सुरू केले ते अनंत सदाशिव अळतेकर या मराठी संशोधकाने. तिथे सापडलेल्या अस्थी अनेक वर्षे पाटण्याच्या संग्रहालयात होत्या, २०२५मध्ये वैशालीत नवा स्तूप आणि संग्रहालय उभे राहिले.

वैशालीत उपासिकांनी एक संध्याकाळ राखून ठेवावी. महाप्रजापती गौतमी शाक्य स्त्रियांना घेऊन कपिलवस्तूहून इथवर पायी आली. सुजलेले पाय आणि धुळीने माखलेले अंग घेऊन ती कूटागारशाळेच्या दाराबाहेर उभी राहिली, तेव्हा कुठे भिक्खुणी संघाचा प्रश्न सुटला. लांब पल्ल्याच्या पायी चालण्याला धम्माच्या इतिहासात कुठे मागणीचे रूप आले असेल तर ते इथे. 'मुलींना कशाला एवढे चालवता' असे विचारणाऱ्या घरच्यांना हे सांगा.

वैशालीहून सरैया, पारू, साहेबगंज करत केसरिया, पन्नास-साठ किलोमीटर. सोयी कमी, माणसे जास्त. आम्हाला हाच सर्वांत चांगला टप्पा वाटतो. केसरियाचा स्तूप शेतांमधून अचानक उभा राहतो, उंची शंभर फुटांच्या वर. निरोप द्यायला मागे मागे येणाऱ्या लिच्छवींना तथागतांनी इथे आपले भिक्षापात्र देऊन परत पाठवले, असे परंपरा सांगते.

पुढे डुमरिया घाटाला गंडक ओलांडून गोपालगंज. इथून राष्ट्रीय महामार्ग २७ थेट कुशीनगरला जातो आणि तिथेच धोका आहे. चौपदरी रस्ता, वेगाने जाणारे ट्रक. शक्य तिथे समांतर गावरस्ते आणि कालव्याच्या कडा धरा, चार किलोमीटर वाढले तरी चालतील. महामार्गावर जावेच लागले तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागे एक. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगात चमकपट्टीचे जाकीट. कानात इअरफोन घातलेला दिसला तर काढायला लावा. तमकुहीवरून फाजिलनगर. हीच पावा असे बरेच अभ्यासक मानतात, काहीजण पडरौना सांगतात. तिथून कसया म्हणजे कुशीनगर सोळा-सतरा किलोमीटर.

रात्रीचे छप्पर, आणि तो प्रश्न

राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर इथे विहार आणि धर्मशाळा मिळतात. आधी फोन करून जा. मधल्या गावांत शाळेची ओसरी, पंचायत भवन, एखाद्याचे अंगण. दुपारी दोनपर्यंत दोघांनी पुढे जाऊन मुखियाला भेटावे. बिहारमध्ये २००६पासून पंचायतीत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत, त्यामुळे मुखिया बऱ्याचदा बाई असते आणि बोलायला तिचा नवरा पुढे येतो. आपण नमस्कार तिला करावा आणि विनंतीही तिलाच करावी. नाक्यावरच्या पोलीस ठाण्यात गटाची यादी आणि पत्र द्या. आचारसंहिता लागू असेल तर झेंडे पिशवीत ठेवा. अडचणीत ११२.

गट आठ ते बाराचा. किमान तीन स्त्रिया असाव्यात, एकटीदुकटीला न्यायचे नाही. शौचाची सोय पाहूनच मुक्काम ठरवा. पाळीच्या दिवसांत ज्यांना थांबायचे त्यांनी थांबावे, चालायचे त्यांनी चालावे, आणि ते गटनायकाला सांगताना कोणाला संकोच वाटता कामा नये.

आता तो प्रश्न. पाणी मागा, ओसरी मागा, दहा मिनिटांत कोणीतरी विचारते : कौन जात? विचारणाऱ्याच्या मनात नेहमी वाईट असतेच असे नाही, तिकडे ती ओळखीची पहिली पायरी आहे. तुम्ही 'बौद्ध' म्हणता. पुढचा प्रश्न येतो : उससे पहले? निघण्याआधी गटाने बसून याचे उत्तर ठरवले पाहिजे, कारण थकलेल्या, भुकेल्या अवस्थेत प्रत्येकजण वेगळे उत्तर देतो. आमच्यातला एकजण आडनावाच्या आडोशाने निसटला होता. त्या रात्री त्याला झोप लागली नाही आणि आम्हालाही नाही.

आमचे मत असे. खोटे बोलायचे नाही आणि वादही सुरू करायचा नाही. 'हम बौद्ध हैं, बाबासाहेब के लोग हैं' एवढे शांतपणे सांगायचे आणि जे होईल ते होऊ द्यायचे. गोपालगंजच्या अलीकडच्या एका गावात या उत्तरानंतर कबूल केलेली ओसरी अचानक 'आज पाहुणे येणार आहेत' म्हणून बंद झाली. आम्ही दीड किलोमीटर पुढच्या टोल्यात झोपलो, जिथे एका म्हाताऱ्याने कंदील धरून आमच्यासाठी पेंढा पसरला. दुसऱ्याच दिवशी तेच उत्तर ऐकून एका सुखवस्तू शेतकऱ्याने, जो आमच्या 'लोकांपैकी' नक्कीच नव्हता, दूध आणि चूडा पुढे केला आणि पुण्यात शिकणाऱ्या मुलाची चौकशी करत बसला. तेव्हा गाव पाहून अंदाज बांधू नका. मात्र कुठे अपमान, धमकी झाली तर तिथे धैर्य दाखवत बसायचे नाही. गट एकत्र करायचा, निघायचे, पोलीस ठाण्यात नोंद करायची. रात्रीचे छप्पर गेले तर जाऊ द्या.

ज्या वस्तीत आसरा मिळतो तिथे संध्याकाळी त्रिसरण-पंचशील म्हणतो, ज्या ठिकाणी आहोत तिथला प्रसंग वाचतो. लोक आपणहून येऊन बसतात. त्यांना बाबासाहेबांबद्दल ऐकायचे असते, पण त्याहून जास्त त्यांना स्वतःचे सांगायचे असते : जमिनीचे, मजुरीचे, पंजाबात आणि मुंबईत गेलेल्या मुलांचे. एकदा आमच्यातल्या एका हुशार कार्यकर्त्याने चाळीस मिनिटे भाषण केले. दुसऱ्या दिवसापासून भाषणाला दहा मिनिटांची मर्यादा घातली. माणसांच्या गरिबीचे फोटो काढायचे नाहीत हाही नियम तेव्हाच केला.

कुशीनगरला पोहोचल्यावर

शेवटचा दिवस मुद्दाम लहान ठेवा. दुपारच्या उन्हात दमून जाण्यापेक्षा सकाळी महापरिनिर्वाण विहारात पोहोचा. आतली तथागतांची पहुडलेली मूर्ती सहा मीटरहून थोडी लांब आहे, पंधराशे वर्षांपूर्वीची. संध्याकाळी रामाभार स्तूप, जिथे अग्निसंस्कार झाला.

बर्मी विहारात अवश्य जा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना त्रिसरण-पंचशील देणारे महास्थवीर चंद्रमणी इथले. आपल्या धम्मदीक्षेचा एक धागा कुशीनगरहून दीक्षाभूमीपर्यंत आला आहे, आणि पुष्कळ बससहली ही जागा पाच मिनिटांत उरकतात.

त्याच रात्रीची परतीची गाडी धरू नका. इतके दिवस चाललेले शरीर एकदम तीस तास बाकावर बसवले की पाय सुजतात. दोन दिवस राहा, थोडे थोडे चाला, हिशेबाची वही पूर्ण करून सगळ्यांसमोर वाचा. परतीसाठी गोरखपूर गाठावे लागते, बसने साधारण पन्नास किलोमीटर. तिथून मुंबईला जी गाडी येते तिचे नाव कुशीनगर एक्सप्रेस, पण ती कुशीनगरला जात नाही. तिकीट काढताना दरवर्षी कोणीतरी फसतो. भुसावळ, मनमाडला उतरणाऱ्यांना हीच गाडी सोयीची. आरक्षण निघण्याआधीच करून ठेवा, आणि खालचा बर्थ ज्याचे पाय सर्वांत वाईट झाले असतील त्याला द्या.